भिंगरीवर काट कोण मारणार

भिंगरी उद्या हरणार हे त्या खोलीतल्या पाचही माणसांना ठाऊक होतं, आणि तरी तिच्या नावावर काट मारायला कुणाचा हात उठत नव्हता.

छापखान्यामागची खोली दुपारच्या उन्हाने तापली होती. भिंतीवरच्या फळ्यावर उद्याच्या मोठ्या शर्यतीतल्या अकरा घोड्यांची नावं खडूने लिहिलेली होती. पहिली फेरी झाली होती आणि पाच नावांवर आडव्या रेघा पडल्या होत्या. त्या रेघांबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ते घोडे काट मारण्याच्याच लायकीचे होते. खरी पंचाईत आता दुसऱ्या फेरीत होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी असं फळ्यासमोर बसायचं, ही घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याच्या, अण्णांच्या, वडिलांनी घालून दिलेली रीत. ते मैदानावर जॉकींची वजनं करायचे, म्हणून त्यांना सगळे काटेवाले म्हणत. नोकरी संपल्यावर त्यांनी हा छापखाना टाकला आणि पिवळ्या कागदावर अंदाजाचं पान काढायला सुरुवात केली. ते म्हणायचे, जिंकणार कोण ते देवाला ठाऊक, पण हरणार कोण ते माणसाला कळू शकतं, डोळे उघडे ठेवले तर. म्हणून या घरात घोडा निवडत नसत. एकेकाने उठायचं, एका घोड्यावर काट मारायची आणि कारण मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याच्या कारणावर वाद घालायचा नाही. शेवटी जो उरेल तो पानावर पहिला छापायचा. मैदानाच्या फाटकाशी पान घेणारे लोक बाकी काही वाचत नसत. पहिलं नाव बघत आणि तिकिटाच्या खिडकीकडे पळत.

ज्याचा त्याचा प्रांत ठरलेला होता. आत्या, म्हणजे अण्णांची बहीण, जमीन पाहायची. सकाळी काठी घेऊन मैदानाला फेरी मारायची आणि काठी कुठे किती रुतते त्यावरून कोणत्या घोड्याचे पाय अडकतील ते सांगायची. अण्णांचा धाकटा मुलगा पहाटे कुंपणाशी उभा राहून सरावाच्या वेळा मोजायचा, त्यामुळे त्याचं नावच घड्याळ्या पडलं होतं. थोरला मुलगा माणसं ओळखायचा. कोणता ट्रेनर जिंकायला आलाय, कोणता नुसता घोडा फिरवून आणायला, आणि लोक उगाच कुणामागे धावताहेत, हे त्याला वासावरून कळे. थोरल्याच्या बायकोला सगळं घर वहिनी म्हणे. ती घोड्यांची घराणी पाहायची. कोणत्या घोडीच्या पोटच्या शिंगराला किती अंतर झेपेल, हे ती कागद घड्या घालता घालता सांगायची. आणि अण्णांकडे होतं वजन. शर्यतीत तगड्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लावतात, लेच्यापेच्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. त्यातलं कुणाला जड जाईल आणि कुणाला फुकटात सूट मिळालीय, ते अण्णांनी सांगायचं.

उद्या भिंगरीला सगळ्यात कमी वजन लागलं होतं. एकोणपन्नास किलो, जॉकी आणि खोगीर धरून. आणि तिच्यावर बसणार होती पिसू, थोरल्याची मुलगी, या घरातली एकुलती एक नात.

लहानपणी कुणाच्या हाताला लागायची नाही म्हणून ती पिसू. आता ती आईपेक्षा उंच झाली होती, खांदे भरले होते, आणि पिसू हे नुसतं नाव राहिलं होतं. एकोणपन्नास किलो हे तिच्या हाडांनाच कमी पडत होतं.

पहिली उठली आत्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. खडू घेऊन ती फळ्यासमोर नुसती उभी राहिली. मग तिने मखमलच्या नावावर काट मारली.

“जमीन मऊ आहे,” ती म्हणाली. “मखमलला मऊ जमीन मानवत नाही.”

धाकट्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मखमल आजवर जिंकला होता तो मऊ जमिनीवरच, आणि हे त्याला आत्यानेच शिकवलं होतं. पण वाद घालायचा नाही ही रीत. आत्या येऊन बसली आणि पदराने मान पुसू लागली. ती कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती.

मग धाकट्याची पाळी आली. तो फळ्याकडे जाता जाता मनात म्हणत होता, मार भिंगरीवर, मोकळा हो. काल पहाटे त्याने स्वतः पाहिलं होतं. भिंगरी सुटते ती बंदुकीच्या गोळीसारखी, वळणापर्यंत पुढे असते, आणि वळण संपलं की तिच्या पायातला जीव जातो. उद्याची शर्यत लांब होती. वळणानंतर सरळ रस्ता केवढा तरी. पण काल पहाटे त्याने आणखी एक पाहिलं होतं. सराव संपल्यावर पिसू घोडीवरून उतरली आणि कुंपणाचा खांब धरून उभी राहिली. तो जवळ गेला तेव्हा हसून म्हणाली, काका, वेळ कशी होती? तो म्हणाला, छान होती. एकदा छान म्हटलं, आता त्याच तोंडाने काय सांगणार?

त्याने उलटा वारा या घोड्यावर काट मारली आणि सांगितलं की त्याच्या वेळा मंदावल्या आहेत. त्या आठवड्यात सगळ्यात चांगली वेळ त्याच घोड्याची होती.

मग वहिनी उठली.

तिला वाटत होतं की आपण आई आहोत, आपणच हे करायला हवं. भिंगरी फळ्यावर उरली तर उद्या पानावर पहिली छापली जाईल. मग अख्खं मैदान तिच्यावर पैसे लावेल, आणि मग पिसूला मागे फिरायला जागाच उरणार नाही. ज्या घराचं पान त्याच घरची पोरगी आयत्या वेळी घोड्यावरून उतरली, तर लोकांना त्यात लबाडीच दिसेल. आणि भिंगरीवर काट पडली, तर निदान पोरीला घरात बसून विचार करायला वाव मिळेल.

वहिनीने गेल्या काही दिवसांत पुष्कळ पाहिलं होतं. पिसू पाणी बाटलीच्या झाकणातून प्यायची. एक झाकण, दोन झाकणं, मग बाटली बंद. भर उन्हात दोन स्वेटर घालून गल्लीत पळायची. मागच्या महिन्यात ती सुटण्याच्या फाटकाशी घोड्यावरून पडली होती. घोडा बिचकला असं तिने सांगितलं. वहिनीने तिला पडताना पाहिलं होतं. घोडा जागचा हललासुद्धा नव्हता.

पण याच खोलीत, याच फळ्यावर, एकदा अण्णांनी आपल्या पाठच्या भावाच्या, नानाच्या, घोड्यावर काट मारली होती. नानाही जॉकी होता. माझ्याच घरात माझा घोडा मेला, असं म्हणून तो त्या संध्याकाळी बाहेर पडला तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही. दुसऱ्या गावाला गेला, तिथेही वजनासाठी अंग वाळवत राहिला, आणि शेवटी त्याच्या आजाराची बातमी आली तीही उशिरा. वहिनीने नानाला पाहिलंही नव्हतं. पण या घरात सून म्हणून आलेलं माणूस आधी नानाची गोष्ट ऐकतं, मग स्वयंपाकघर कुठे ते विचारतं.

तिने खडू भिंगरीच्या नावापाशी नेला. सगळ्यांनी पाहिलं. खडू तिथे अडला, खाली सरकला, आणि सावकारच्या नावावरून आडवा गेला.

“लांबचं अंतर आहे,” ती म्हणाली. “त्याच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.”

सावकारच्या बापाची हयात लांबच्या शर्यतीत गेली होती. वहिनी जागेवर येऊन बसली आणि कागदांच्या घड्या घालू लागली. एक घडी वाकडी पडली. तिने ती उलगडून पुन्हा घातली.

थोरला बायकोकडे बघत होता. त्याला बरं वाटायला हवं होतं. चार दिवसांपूर्वी ट्रेनर त्याला तबेल्याच्या दाराशी भेटला होता आणि बोलता बोलता म्हणाला होता, तुमच्या पानावर भिंगरी पहिली आली तर मालक खूश होईल, पोरीला पुढेही घोडे मिळतील. अट अशी काही नव्हती. नुसतं बोलणं होतं. पण थोरल्याने ते पोटात ठेवलं होतं, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतः थोरल्याला लहानपणी जॉकी व्हायचं होतं आणि अंगाने आडवा वाढला म्हणून राहून गेलं होतं. आत्या त्याला अजून चिडवायची, की घोड्यावर तू नाही, तुझ्यावर घोडा बसवावा लागेल.

त्याच्या पाळीला तीन घोडे उरले होते. दुपार, कोतवाल आणि भिंगरी. त्याने दुपारवर काट मारली. तिच्या ट्रेनरची नियत ठीक नाही म्हणाला. तो ट्रेनर त्या मैदानावरचा सगळ्यात सरळ माणूस होता. काट मारताना थोरल्याला कळलं की आपण चौथे. चौघांनीही आपापल्या प्रांतात, जिथे कधी खोटं बोललो नाही तिथेच खोटं सांगितलंय. आणि आता उरले होते दोन घोडे आणि अण्णा.

त्याच क्षणी सगळ्यांना हायसं वाटलं. अण्णा आहेत. अण्णा मारतील. कोतवालसमोर भिंगरी म्हणजे हत्तीसमोर शेळी. अण्णांनी सख्ख्या भावाला सूट दिली नाही, नातीला काय देणार? वाईटपणा म्हाताऱ्याच्या माथी जाईल आणि घर सुटेल. चौघांनी मनातल्या मनात हा भार अण्णांवर टाकला आणि चौघेही जरा सैल होऊन बसले.

अण्णा हळू उठले. वाटेत कोपऱ्यातल्या खुर्चीच्या काट्याला त्यांचा हात लागला आणि स्प्रिंग करकरली. जॉकींना बसवून वजन करायचा तो जुना काटा. मैदानावर नवा आला तेव्हा काटेवाल्यांनी जुना घरी आणला होता. एरवी त्यावर कागदाचे गठ्ठे तोलत. अलीकडे रोज पहाटे पिसू त्याच्यावर बसायची, आणि ती करकर घरातला प्रत्येक माणूस अंथरुणात ऐकायचा. कुणी उठून बाहेर यायचं नाही.

अण्णांनी खडू उचलला. त्यांना फळा दिसत होता, पण त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती दाराची चौकट, आणि चौकटीतून बाहेर पडणारी नानाची पाठ. त्या दिवशी त्यांनी कारण अगदी बरोबर सांगितलं होतं. घोडा हरलाही होता. बरोबर असण्याचा इतका त्रास होऊ शकतो, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी कोतवालवर काट मारली.

“साठ किलो फार होतात,” ते म्हणाले.

 मागच्याच शर्यतीत कोतवाल तेवढंच वजन घेऊन असा जिंकला होता की जॉकी मागे वळून इतरांची वाट बघत होता. अण्णा खडू खाली ठेवायला विसरले आणि तसाच हातात घेऊन बसले.

फळ्यावर एकच नाव उरलं. भिंगरी.

धाकट्याने उठून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला घ्यायला हवे होते. तो उठला नाही. थोरल्याने मशीनला शाई लावायला हवी होती. त्याने नखं पाहिली. शेवटी आत्या म्हणाली की देवाने अक्कल वाटली तेव्हा आपलं घर बहुतेक शर्यतीला गेलं होतं. त्यावर कुणी हसलं नाही, आणि तेवढ्यात मागचं दार वाजलं.

पिसू आली. अंगात दोन स्वेटर, वरून प्लॅस्टिकचा कोट, ओठ पांढरे. तबेल्यातून थेट पळत आली होती. दारातच तिची नजर फळ्यावर गेली, आणि ती तिथेच थांबली.

खोलीतले पाचजण तिच्या तोंडाकडे बघत होते. ती आनंदाने उडी मारेल असं थोरल्याला वाटलं होतं. पिसू पायरीवर खाली बसली. बराच वेळ ती फळा वाचत राहिली, एखाद्याने चुकीचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचावा तशी.

“मखमलवर कुणी मारली?” तिने विचारलं.

आत्याने काठी जमिनीवर टेकवली आणि कबूल केलं.

“का?”

“जमीन मऊ आहे म्हणून.”

“आत्याआजी, मऊ जमीन म्हणजे मखमलचं माहेर.”

 मग पिसूने एकेकाला विचारलं, ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात. काकाला उलट्या वाऱ्याची वेळ विचारली. त्याने खरी वेळ सांगितली आणि मान खाली घातली. आईला सावकारच्या बापाचं नाव विचारलं. वहिनीने नाव सांगितलं, आणि नाव सांगताच सगळं सांगून झालं. बाबांना दुपारच्या ट्रेनरबद्दल विचारलं तेव्हा थोरला म्हणाला की त्याच्याइतका सरळ माणूस नाही. अण्णांना तिने काही विचारलं नाही. त्यांच्या हातातल्या खडूकडे नुसतं पाहिलं.

“मी रोज तिच्या पाठीवर बसते,” पिसू म्हणाली. “वळणानंतर ती कशी विझते ते माझ्या मांड्यांना कळतं. मला वाटलं, घरी तरी कुणी खरं बोलेल.”

 मग ती बोलत राहिली, आणि जे बोलली ते कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चार दिवस ती वाट बघत होती, की आज फळ्यावर भिंगरीवर काट पडेल. काट पडली की ट्रेनरला फोन करायला आपल्याला तोंड मिळेल. आमच्या घरच्यांनाच घोडी पटत नाही, वजनही मला जमत नाही, दुसरा जॉकी बघा, असं सांगता येईल. नुसतंच वजन जमत नाही म्हणायची तिला लाज वाटत होती. बाबांना काय वाटेल, आजोबांना काय वाटेल, घरातली पहिली मुलगी घोड्यावर बसली आणि भुकेने हरली. आज सकाळपासून ती मनात मोजत होती की कोण मारेल. तिचा सगळा भरवसा आजोबांवर होता.

“तुम्ही नानाआजोबांना सोडलं नाहीत,” ती म्हणाली. “मला कसं सोडलंत?”

 खडू बोटात फिरवत अण्णा एवढंच म्हणाले, “तू परत यावीस म्हणून.”

“मी कुठे जाणार आहे, आजोबा? मला इथे भूक लागलीय.”

वहिनी उठली. तिला रडू येत होतं आणि त्यापेक्षा जास्त राग येत होता, लेकीचा नाही, स्वतःचा. तिने पिसूच्या अंगातला प्लॅस्टिकचा कोट ओढून काढला, मग एक स्वेटर, मग दुसरा, लहानपणी ओले कपडे काढायची तसे. आतून गळ्याची हाडं दिसली. थोरल्याने ती पाहिली आणि तो उठून खिडकीपाशी गेला. तिथूनच, पाठमोरा, त्याने ट्रेनर तबेल्यापाशी काय बोलला होता ते सांगून टाकलं. अट नव्हती, नुसतं बोलणं होतं, असंही म्हणाला, आणि मग म्हणाला की बोलण्याला अट करणारा मीच.

आत्या अण्णांकडे वळली. “चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमजोरावर कमी, असा खेळ आहे ना, दादा? मग आपणच कसं उलटं केलं. घरातल्या सगळ्यात हलक्या पोरीवर पाच माणसं बसलो.”

पिसूने अण्णांच्या हातातून खडू घेतला. फळ्यासमोर गेली आणि भिंगरीच्या नावावर काट मारली. रेघ नावाच्या शेवटपर्यंत गेली.

“लांबचं अंतर, मऊ जमीन, वळणानंतर पाय नाहीत,” तिने मोठ्याने सांगितलं. “आणि जॉकी उपाशी.”

वाद घालायचा नाही ही रीत. कुणी घातला नाही.

मग फोन राहिला होता. तो मीच करणार, असं पिसू म्हणाली, पण कुणी लांब जाऊ नका असंही म्हणाली. छापखान्यातल्या टेबलावरचा फोन तिने उचलला. पाचही जण खोलीच्या दारात दाटीवाटीने उभे राहिले, आत्या सगळ्यांत पुढे, कारण तिला मागे ढकलायची कुणाची टाप नव्हती. पिसू बोलली ते त्यांना ऐकू आलं. वजन जमत नाही, मला चक्कर येते, मागच्या वेळी घोडा बिचकला नव्हता, मीच पडले. एवढं बोलून ती ऐकत राहिली. पलीकडचं काही कळत नव्हतं. धाकट्याला वाटलं, संपलं, आता तबेल्याचं दार बंद. थोरला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. ट्रेनर लांबलचक बोलला. पिसू हूं म्हणाली, पुन्हा हूं म्हणाली, मग अचानक तिने खुर्ची ओढली आणि धप्पकन बसली.

फोन ठेवल्यावर तिने सांगितलं. ट्रेनरने आधी शिव्या दिल्या होत्या, मनापासून. आधी सांगायला काय झालं होतं म्हणाला. माझ्या घोडीवरून चक्कर येऊन पडलीस तर मी तुझ्या आजोबांना काय तोंड दाखवू, म्हणाला. एक जॉकी आहे, अंगानेच काडी आहे, त्याला सांगतो. पुढे हेही म्हणाला की सोमवारी पहाटे नेहमीसारखी ये, जास्त वजन लागतं त्या तगड्या घोड्यांनाही बसणारं माणूस हवं असतं, आणि येताना खाऊन ये.

थोरला पुढे झाला. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचा विसरला. धाकटा दारातच उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत हसू लागला, कशाला ते त्यालाही कळेना. घरातल्या माणसांच्या छातीवरून कुणीतरी दगड उचलून नेला होता, आणि आता श्वास कुठे ठेवावा हे कुणाला सुचत नव्हतं.

वहिनीने पाणी आणलं. मोठा पेला, काठोकाठ. पिसूने तो दोन्ही हातांत धरला. सवयीने एक घोट घेतला आणि थांबली. आईकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले आणि पेला रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं. वहिनी पदर हातात घेऊन उभी राहिली, पण पुसायला पुढे झाली नाही. जाऊ दे म्हणाली मनात. सांडू दे थोडं.

एवढं झाल्यावर धाकट्याला पान आठवलं. फळ्यावर अकराच्या अकरा नावांवर रेघा होत्या. असं कधी झालं नव्हतं. तो म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून बसू या, खरी कारणं सांगू या. कोतवाल तर सरळच दिसतोय. थोरल्याचंही तेच मत पडलं. मशीन तयार होतं, कागद तयार होता, आणि लोक सकाळी फाटकाशी हात पुढे करून उभे राहणार होते.

अण्णा फळ्यासमोर उभे होते. ते पुष्कळ वेळ त्या अकरा रेघा बघत राहिले. मग म्हणाले की नको. आज आपण पाच माणसं पाच वेळा खोटं बोललो. ज्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही, त्या दिवशी लोकांना नाव सांगायचं नाही. काटेवाले म्हणायचे, शर्यतीत सगळ्यात अवघड काम घोडा ओळखण्याचं नाही, ज्या शर्यतीत आपल्याला कळत नाही तिथे गप्प बसण्याचं आहे. हे वाक्य या घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. छापलं कधी नव्हतं.

“लोक शिव्या देतील, अण्णा,” थोरला म्हणाला.

“देऊ देत. ट्रेनरने दिल्या, तर किती बरं वाटलं.”

त्यावर मात्र आत्या हसली, आणि ती हसली की थांबत नसे. धाकटा खिळ्यांच्या खणांपाशी गेला आणि जुळवू लागला. मोठ्या शर्यतीच्या चौकटीत, जिथे पहिलं नाव यायचं तिथे, त्याने अक्षरं लावली: या शर्यतीत आम्ही बसून राहणार आहोत. तुम्हीही बसा. थोरल्याने वाचून पाहिलं, एक खिळा उलटा लागला होता तो सरळ केला, आणि शाई लावायला घेतली.

वहिनीने बटाटे उकडत ठेवले होते. ते वाफाळते ताटात घेऊन ती आली, वर मीठ भुरभुरलेलं. पिसूने पहिला बटाटा हातात घेतला, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात उडवत राहिली आणि फुंकर न घालताच चावा घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सगळे बघताहेत म्हणून ती तोंड फिरवून खात होती. आत्या म्हणाली, बघू नका रे, घोड्यालासुद्धा कुणी बघत असलं की चारा गोड लागत नाही. मग स्वतः एक बटाटा उचलून तिने बसायला जागा शोधली. बाकड्यावर कागद होते. खुर्चीवर पिसू होती. आत्या कोपऱ्यात गेली आणि खुर्चीच्या काट्यावर बसली.

स्प्रिंग अशी करकरली की मशीनपाशी थोरल्याने मागे वळून पाहिलं. काट्याची सुई सरसरत गेली ती तबकडीच्या शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटली आणि तिथेच थांबली. जॉकींसाठी केलेल्या त्या काट्याला पुढे जायला जागाच नव्हती.

पिसूच्या तोंडात बटाटा होता. तिला हसू आवरेना, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आईने पाठीवर थापट्या मारल्या तरी ती हसतच होती.

“हसा,” आत्या म्हणाली आणि पाठ टेकून आरामात बसली. “इतकी वर्षं घरात आहे आणि कुणी सांगितलं नाही, बसायला फार बरी खुर्ची आहे ही. उद्यापासून ही माझी.”

अण्णांनी बटाट्याचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं, सुई हलते का ते वाकून पाहिलं, आणि ती हलली नाही.